ऐनवेळी लग्नाला जावे लागले तर : घराच्या वतीने जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

नोकरी किंवा शिक्षणासाठी घरापासून दूर पुण्या-मुंबईत, नाशिकला किंवा नागपूरला राहणाऱ्या बहुतेक मराठी मुलामुलींना कधी ना कधी घरून असा फोन येतो : आमचे येणे होत नाही, तू तिथेच आहेस, तर उद्याच्या लग्नाला आपल्या घरातून तू जाऊन ये. लग्न ज्यांच्या घरचे असते ते वडिलांचे जुने सहकारी, आईच्या मावसबहिणीचे सासर किंवा गावाकडचे शेजारी असतात. वधू-वरांपैकी तुम्ही कोणालाही ओळखत नसता आणि हातात जेमतेम एक रात्र असते. अशी लग्ने माझ्या वाट्याला पुष्कळ आली. सुरुवातीला कोणी नीट सांगितले असते तर बराच गोंधळ टळला असता, असे वाटते, म्हणून हा क्रमवार लेख.

एक गोष्ट आधी स्पष्ट केलेली बरी. अशा लग्नात तुम्ही आगंतुक नसता, कारण आमंत्रण घराला असते आणि तुम्ही त्या घरातले असता. तुम्ही रंगत आणावी, नाचावे किंवा चार तास बसून राहावे अशी कोणाचीही अपेक्षा नसते. तुमच्या घराची हजेरी लागावी, एवढीच अपेक्षा असते. यजमानांनी तुम्हाला पाहिले पाहिजे, आहेराच्या वहीत घराचे नाव लागले पाहिजे आणि तुमच्यामुळे कोणाची अडचण होता कामा नये. पुढच्या सर्व पायऱ्या या तीन गोष्टींसाठीच आहेत.

सोबत काय असावे

- पत्रिकेचा फोटो, दोन्ही पानांसह
- यजमानांपैकी निदान एका माणसाचा फोन नंबर, आणि तो उचलला गेला नाही तर दुसऱ्याचा
- आहेराचे पाकीट, त्यात नोटा व चिठ्ठी
- एक चालू पेन
- रुमाल आणि पटकन काढता-घालता येतील अशी पादत्राणे
- साक्षीदार म्हणून बोलावले असेल तर मूळ ओळखपत्र, त्याची प्रत आणि पासपोर्ट आकाराचे फोटो (शेवटची पायरी पाहा)

१. फोन ठेवण्यापूर्वी घरी काय विचारायचे

घरून फोन आला की आपण हो म्हणतो आणि फोन ठेवतो, आणि अडचणी तिथूनच सुरू होतात. निदान एवढे विचारून घ्या : आपण मुलीकडचे की मुलाकडचे? ओळख नेमकी कोणाची आणि कशामुळे? तिथे आपल्याला ओळखणारे आणखी कोण भेटेल? आपल्या घरच्या कार्यात त्यांनी काय आहेर केला होता? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मी येतो आहे हे त्यांना कोणी कळवणार आहे का?

यातला शेवटचा प्रश्न सोडू नका. वडिलांनी किंवा आईने यजमानांना एक फोन करून ‘आम्हाला जमत नाही, पण मुलगा येतो आहे’ किंवा ‘मुलगी येते आहे’ एवढे सांगितले, की तुमचे अर्धे काम झाले. मग तुम्ही मांडवात गेल्यावर यजमानांना आठवायला वेळ लागत नाही, आणि आई-वडील न आल्याचा रागही कमी होतो. हा फोन आदल्या संध्याकाळीच व्हावा. लग्नाच्या सकाळी मुलीच्या वडिलांना फोन करणे म्हणजे त्यांच्या तीसेक फोनांत एकाची भर घालणे.

आहेराचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण तो अत्यंत व्यावहारिक आहे. बहुतेक घरांत आपल्याकडच्या कार्यात कोणी काय दिले याची वही जपून ठेवलेली असते. आईला ती काढून बघायला सांगा. त्याहून थोडी अधिक रक्कम द्यावी, असा सर्वसाधारण रिवाज आहे.

सोबत मित्राला न्यायचा मोह झाला तर आवरा. कार्यालयातले जेवण पानांच्या हिशोबाने ठरलेले असते. यजमान थोडी पाने वाढवूनच सांगतात, पण ती वाढीव पाने तुमच्या खोलीतल्या मित्रांसाठी नसतात. नवरा किंवा बायको सोबत येणार असेल तर मात्र प्रश्न नाही.

२. पत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचा

व्हॉट्सॲपवर आलेली पत्रिका आपण दिनांक आणि ठिकाण पाहून बंद करतो. ती सावकाश वाचली तर बहुतेक प्रश्नांची उत्तरे तिच्यातच मिळतात.

मराठी लग्नात पुष्कळदा दोन्हीकडचे लोक आपापली वेगळी पत्रिका छापतात. त्यामुळे तुमच्याकडे आलेल्या पत्रिकेत निमंत्रक म्हणून ज्यांची नावे आहेत, त्यांच्या बाजूचे तुम्ही. चिमुकल्यांच्या तोंडची ओळ पाहिली तरी हे कळते : ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ असे असेल तर पत्रिका बहुधा मुलाकडची, आणि ‘मावशीच्या’ असेल तर मुलीकडची. वराच्या नावामागे चि. आणि वधूच्या नावामागे चि. सौ. कां. असते. दोघांची पूर्ण नावे आणि दोन्ही घरांची आडनावे पाठच करून ठेवा, कारण दारातच त्यांचा उपयोग होतो.

मग कार्यक्रमांची यादी पाहा. हळद, सीमांतपूजन, विवाह आणि स्वागत समारंभ यांच्या वेळा वेगळ्या असतात आणि पुष्कळदा ठिकाणेही वेगळी असतात. सीमांतपूजन सहसा आदल्या संध्याकाळी होते आणि ते दोन्ही घरांच्या जवळच्या माणसांचे असते; ऐनवेळी आलेल्या पाहुण्याने तिथे जाण्याचे कारण नाही. विवाह तालुक्याच्या गावी आणि स्वागत समारंभ चार दिवसांनी शहरात, असाही प्रकार असतो. घरच्यांनी ‘लग्नाला जा’ म्हटले असले तरी त्यांच्या मनात यांपैकी काय आहे, हे विचारून घ्यावे. शहरात राहणाऱ्याला स्वागत समारंभ सोयीचा पडत असेल तर त्याला जाणेही हजेरीतच धरले जाते.

तळाशी ‘कृपया आहेर आणू नये’ किंवा ‘आपले आशीर्वाद हाच आहेर’ असे छापले आहे का, हेही पाहा. असेल तर ते खरे माना. असे लिहूनही पाकीट घेऊन जाणारे आणि ते हातात कोंबणारे लोक असतात. त्यांच्यामुळे यजमानांना सगळ्यांसमोर नाही म्हणण्याची कसरत करावी लागते. अशा ठिकाणी एखादे चांगले पुस्तक किंवा फुले पुरेशी होतात, आणि रिकाम्या हाताने गेलात तरीही काही बिघडत नाही.

३. पाकीट रात्रीच तयार करा

ऐनवेळी वस्तू घ्यायला जाऊ नका. घाईत मिळते ते भिंतीवरचे घड्याळ, लेमन सेट किंवा गणपतीची फ्रेम, आणि या तिन्ही वस्तू त्या घरात आधीच चार-चार येणार असतात. रोख रकमेचे पाकीटच बरे. १०१, २५१, ५०१, १००१ अशी वर एक रुपया असलेली रक्कम देण्याची पद्धत आहे. एक रुपयाचे नाणे चिकटवलेली पाकिटे कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळतात. एटीएममधून पुष्कळदा पाचशेच्याच नोटा निघतात, म्हणून दोनशे एक्कावन्न द्यायचे असतील तर सुट्ट्यांची सोय रात्रीच करावी लागते.

पाकिटावर वर ‘चि. … व चि. सौ. कां. … यांच्या शुभविवाहाप्रीत्यर्थ सप्रेम भेट’ असे लिहून खाली देणाऱ्याचे नाव लिहावे. इथे बहुतेक नवखे चुकतात : ते स्वतःचे नाव लिहितात. तुम्ही घराच्या वतीने गेला आहात, म्हणून नाव लिहायचे ते वडिलांचे किंवा आईचे, म्हणजे पत्रिका ज्यांच्या नावाने आली त्यांचे, आणि त्यापुढे गावाचे. एका आडनावाची दहा घरे असतात. गाव लिहिले नाही तर त्या रात्री वही लिहिणाऱ्याला तुमचे घर सापडत नाही आणि आहेर भलत्याच घराच्या नावावर जमा होतो. कंसात ‘हस्ते’ म्हणून स्वतःचे नाव लिहायला हरकत नाही.

हाच मजकूर एका चिठ्ठीवर लिहून ती नोटांसोबत आत ठेवा. पाकिटे रात्री भराभर फोडली जातात, तेव्हा पाकीट एकीकडे आणि नोटा दुसरीकडे जाणे अगदी सहज घडते.

पैसे फोनवरून पाठवण्याचा मार्ग सोपा वाटतो, आणि परदेशातून हजेरी लावणाऱ्याला तो ठीकच आहे. मात्र तुम्ही स्वतः तिथे जाणार असाल तर पाकीटच द्या.

४. कपडे

याबाबत फार विचार करू नका. इस्त्री केलेला झब्बा किंवा साधा फिकट रंगाचा शर्ट, आणि मुलींसाठी साडी किंवा चांगला पंजाबी ड्रेस पुरतो. काळा रंग टाळावा. तरुणांना त्याचे काही वाटत नसले तरी आज्जींना वाटते, आणि तुमच्या घराचे नाव आज्जींच्याच लक्षात राहणार असते. ऑफिसमधून थेट जायचे असेल तर गळ्यातले ओळखपत्र काढून ठेवायला विसरू नका. मोजे फाटके नसावेत, कारण स्टेजवर चढताना पादत्राणे काढावी लागतात.

दारात फेटा बांधत असतील तर ‘मी बाहेरचा आहे’ म्हणून मागे सरू नका, बांधून घ्या. फेटे अनेकदा भाड्याने आणलेले असतात, म्हणून निघताना ते कुठे परत करायचे हे विचारावे.

५. मुहूर्ताची वेळ आणि खरी वेळ

पत्रिकेत मुहूर्त ‘दुपारी १२ वाजून ३६ मिनिटांनी’ अशा काटेकोरपणे छापलेला असतो. तो किती पाळला जाईल, हे घर आणि गाव यांवर अवलंबून असते. पुण्यातल्या किंवा कोकणातल्या पुष्कळ घरांत गुरुजी घड्याळ समोर ठेवून उभे असतात आणि मिनिट चुकत नाही. तिथे पाच मिनिटे उशिरा पोहोचलात तर हार घालून झालेले असतात. याउलट पश्चिम महाराष्ट्र आणि मराठवाड्यातल्या अनेक गावांत नवरदेवाचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या देवळाहून वाजतगाजत मांडवात येईपर्यंत, आणि त्यानंतर पुढाऱ्यांचे सत्कार व आशीर्वादपर भाषणे होईपर्यंत, मुहूर्त तास-दीड तास मागे पडतो. गोरज मुहूर्त संध्याकाळचा, सूर्यास्ताच्या सुमाराचा असतो. त्या लग्नांत घरी परतायला रात्र होते, हे धरून चालावे.

तुमच्या ओळखीतल्या एखाद्या माणसाला ‘लग्न वेळेवर लागेल का’ असे सरळ विचारावे. उत्तर मिळाले नाही तर मुहूर्ताच्या अर्धा तास आधी पोहोचणे हाच नियम पाळावा. वेळेवर पोहोचून वाट पाहणाऱ्याचे काही जात नाही. लग्न लागल्यावर पोहोचणारा मात्र फक्त जेवायला आल्यासारखा दिसतो.

परतीची गाडीही आधीच पाहून ठेवा. लग्नसराईत, म्हणजे तुळशीच्या लग्नानंतरच्या दिवसांत आणि पुढे एप्रिल-मेमध्ये, चांगली तिथी असली की त्या दिवशी एस.टी. आणि रिक्षा दोन्ही दुर्मीळ होतात.

६. योग्य मांडवात शिरा

ही पायरी अनावश्यक वाटेल, पण नाही. मोठ्या कार्यालयात खाली एक आणि वर एक अशी दोन लग्ने एकाच दिवशी असतात. पुण्यात म्हात्रे पूल ते राजाराम पूल या टप्प्यातल्या डी. पी. रस्त्यावर एकाला लागून एक लॉन आहेत. तिथे एका मांडवातला बँड शेजारच्या मांडवात ऐकू येतो आणि रोषणाई सगळीकडे सारखीच असते. प्रवेशद्वारावरच्या फलकावर दोन्ही आडनावे वाचा. एकच आडनाव जुळले म्हणून आत जाऊ नका. जोडी जुळली पाहिजे. पाकीट देऊन झाल्यावर चूक कळली तर ते परत मागण्यासारखी अवघड गोष्ट नाही.

दारात अत्तर लावतात, गुलाबपाणी शिंपडतात, पेढा देतात. अत्तरासाठी हाताची पालथी बाजू पुढे करायची असते. तिथे उभी असलेली माणसे घरचीच असतात, म्हणून ओळख इथेच द्यावी. ती एका वाक्यात तयार ठेवा : ‘नमस्कार, मी अमुक गावच्या अमुकांचा मुलगा. आई-बाबांना येणे जमले नाही, त्यांनी मला पाठवले आहे.’ स्वतःची नोकरी, कंपनी आणि पद यांतले काहीही या वाक्यात नको. गाव आणि वडिलांचे नाव कानावर पडले की समोरचा माणूस ‘अरे, या, या’ म्हणत तुम्हाला कोणाच्या तरी हवाली करतो, आणि मग तुम्ही एकटे राहत नाही.

गावाकडच्या लग्नात आलेल्या पाहुण्यांची नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारतात. तुमचे नाव विचारायला कोणी आले तर चिठ्ठीवर वडिलांचे नाव आणि गाव लिहून द्या. काही ठिकाणी अजूनही टॉवेल-टोपी देऊन मान करतात. नको-नको करत पळू नये. बसावे, टोपी घालून घ्यावी, नमस्कार करावा आणि उठावे.

बसताना पहिल्या दोन रांगा आणि सोफे सोडून बसा. तिथे व्याही, मामा आणि आत्या बसतात, आणि त्यांच्या मानपानात तुम्ही नकळत अडथळा होऊ शकता.

७. मंगलाष्टकांच्या वेळी

गुरुजींनी अंतरपाट धरला, मामा वधूला घेऊन आले आणि मंगलाष्टके सुरू झाली, की सर्वांनी उभे राहायचे असते. त्याआधी कोणीतरी अक्षता वाटत येते. कुंकू लावलेले हे तांदूळ मूठभर घेऊ नका, चिमूटभर पुरतात. अनेक घरांत आता धान्य वाया जाऊ नये म्हणून फुलांच्या पाकळ्या देतात.

प्रत्येक अष्टकाच्या शेवटी ‘सावधान’ म्हटले की थोड्या अक्षता टाकायच्या. नावाप्रमाणे ती आठ असावीत, पण दोन्हीकडच्या आत्या आणि मावश्या स्वतः रचलेली मंगलाष्टके म्हणायला पुढे येतात, त्यामुळे संख्या कितीही होऊ शकते. गुरुजींच्या तोंडून ‘तदेव लग्नं’ ऐकू आले की शेवट जवळ आला असे समजा. नंतर अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजतात आणि हार घातले जातात. अक्षता तोवर पुरवून ठेवा. तुम्ही शेवटच्या रांगेत असाल तर त्या स्टेजच्या दिशेने भिरकावू नका, पुढच्यांच्या केसांत जाऊन बसतात. हळुवार वर उडवल्या तरी भावना पोहोचते.

हार पडले की निम्मा मांडव जेवणाकडे वळतो आणि नवख्यांना वाटते, लग्न झाले. विधी त्यापुढेच असतात : कन्यादान, लाजाहोम, सप्तपदी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या कलम ७ मध्येही, जिथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे तिथे सातवे पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो, असे म्हटले आहे. तुम्ही या सगळ्याला थांबलेच पाहिजे असे नाही, पण होमाच्या वेळी वधू-वरांकडे पाकीट घेऊन जाऊ नका. तेव्हा त्यांना हात रिकामे नसतात आणि गुरुजींचा खोळंबा होतो.

८. स्टेजवर भेटणे आणि पाकीट देणे

भेटण्याची योग्य वेळ दोनदा येते : हार घातल्यानंतर विधी सुरू होण्यापूर्वीची काही मिनिटे, आणि स्वागत समारंभ. पहिल्या वेळी गर्दी फार असते, पण तुम्हाला लवकर निघायचे असेल तर तीच गाठावी.

आधी आपल्या बाजूच्या यजमानांना, म्हणजे मुलीच्या किंवा मुलाच्या आई-वडिलांना भेटा. खरी हजेरी तिथे लागते. वधू-वरांना तुम्ही कोण हे कळणार नाही, आणि त्यांनी ते ओळखावे अशी अपेक्षा धरून ‘ओळखलंत का?’ असे मुळीच विचारू नका. ‘अभिनंदन, मी अमुक काकांचा मुलगा’ एवढे म्हणावे, फोटोसाठी बाजूला उभे राहावे आणि दुसऱ्या बाजूने उतरावे. तो फोटो आपल्या फोनवरही कोणाला तरी काढायला सांगा, घरी पाठवायला लागतो.

पाकीट वधू-वरांच्या हातात द्या, किंवा वही घेऊन बसलेल्या घरच्या माणसाकडे. ‘द्या, मी पोहोचवतो’ म्हणणाऱ्या अनोळखी मदतनिसाकडे देऊ नका. वही असेल तर नाव लिहून होईपर्यंत तिथे थांबावे आणि गाव सांगावे. यात कंजूसपणा दिसत नाही. वही लिहिणाऱ्यालाही तेच हवे असते.

९. जेवण

बुफे असेल तर काही सांगण्यासारखे नाही : रांगेत उभे राहा, थोडे घ्या, पुन्हा जा.

पंगत असेल तर मात्र जागा पाहून बसावे. भोवती रांगोळी, चांदीची ताटे किंवा उदबत्त्या दिसल्या, की ती विहिणीची पंगत आहे असे समजून दूर व्हा. वराची आई आणि तिच्याकडच्या बायका यांच्यासाठी ती मांडलेली असते, आणि तिथे अनोळखी माणूस बसला तर उठवावेही लागते आणि उठवताही येत नाही. पहिली पंगत ज्यांना लांब जायचे आहे त्यांची आणि पाहुण्यांची असते. तुम्हाला गाडी गाठायची असेल तर यजमानांच्या माणसाला तसे सांगा, तो बसवून देतो.

पानावर मीठ, लिंबू, चटणी आणि कोशिंबीर डावीकडे वाढतात, भाज्या उजवीकडे. सगळ्यांना वरणभात आणि त्यावर तूप वाढून होईपर्यंत हात लावायचा नाही. श्लोक होतो, ‘पार्वतीपते हर हर महादेव’ होते, मग सुरुवात. पुढे मसालेभात, अळूची भाजी, पुऱ्या, जिलबी आणि मठ्ठा अशी रांग लागते. खानदेशातल्या लग्नात वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी असते, आणि ती सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आग्रह हा या जेवणातला खरा सापळा आहे. यजमान स्वतः जिलबीचे ताट घेऊन येतात आणि नाही म्हणणाऱ्याला दोन अधिक मिळतात. म्हणून पहिल्या फेरीत थोडे कमी घ्या आणि त्यांच्या हातून एक घ्यायला जागा ठेवा. एक घेतली की ते पुढे जातात. पानात टाकू नका. आपले संपले म्हणून शेजारच्यांच्या आधी उठूही नका, पंगत एकत्र उठते.

१०. विधी वेगळ्या पद्धतीचा असेल तर

पत्रिकेवर ‘मंगल परिणय’ लिहिले असेल आणि बुद्ध व बाबासाहेबांची चित्रे असतील, तर लग्न बौद्ध पद्धतीने आहे. तिथे मंगलाष्टके किंवा अक्षता नसतात. त्रिशरण-पंचशील म्हटले जाते तेव्हा उभे राहून हात जोडावेत. येत असेल तर सोबत म्हणावे, नसेल तर शांत राहावे. पुष्पवृष्टीसाठी पाकळ्या देतात. भेटल्यावर ‘जय भीम’ म्हणावे.

सत्यशोधक पद्धतीचे लग्न आता पुन्हा अधूनमधून पाहायला मिळते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय लग्न लावण्याची ही रीत घालून दिली. वधू-वर सर्वांसमक्ष मराठीत एकमेकांना वचने देतात, त्यामुळे इथे विधी चालू असताना गप्पा मारणे जास्तच खटकते, कारण प्रत्येक शब्द सर्वांना ऐकायचा असतो.

निकाहाला किंवा वसईकडच्या चर्चमधल्या लग्नाला जायचे असेल, तर कुठे बसायचे आणि डोके झाकायचे का, हे दारातल्या घरच्या माणसाला विचारावे. विचारल्याने कोणी रागावत नाही.

११. निघताना

न सांगता निघू नका, पण सांगण्यासाठी मुलीच्या वडिलांनाच शोधत फिरूही नका. पाठवणी सुरू झाली असेल तर घरातल्या कोणालाही काही सांगण्याची ती वेळ नव्हे; तेव्हा मुलीचा भाऊ, काका किंवा ज्यांच्या हवाली तुम्हाला केले होते त्यांना सांगून निघावे. परतीचा आहेर, नारळ किंवा पेढ्यांचा पुडा दिला तर घ्यावा. तो घराचा आहे, म्हणून पुढच्या वेळी गावी जाताना न्यावा, किंवा निदान खाल्ल्याचे कबूल करावे.

त्याच रात्री घरी फोन करून सांगायच्या गोष्टी : कोण कोण भेटले, कोणी आई-बाबांची चौकशी केली, किती आहेर दिला. आहेराची रक्कम आई तिच्या वहीत लिहून ठेवते, आणि चौकशी करणाऱ्यांची नावे तिला पुढच्या भेटीत लागतात.

१२. साक्षीदार म्हणून बोलावले असेल तर

ऐनवेळचे आमंत्रण कधीकधी मांडवाचे नसून विवाह नोंदणी कार्यालयाचे असते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार नोटीस दिल्यावर ३० दिवस थांबावे लागते, म्हणजे तारीख आधी ठरलेली असते. पण तीन साक्षीदार लागतात, त्यांतला एक ऐनवेळी अडकतो आणि सकाळी मित्राचा तुम्हाला फोन येतो. अशा वेळी तुमची हजेरी हौसेची नसून कायद्याने आवश्यक असते, म्हणून उशीर चालत नाही. मूळ ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, दोन्हींच्या प्रती आणि फोटो घेऊनच निघा. कार्यालयानुसार मागणी थोडी वेगळी असते, तेव्हा नेमके काय हवे ते मित्राकडून विचारून घ्या.

धार्मिक पद्धतीने लागलेल्या लग्नाची नोंद करतानाही तीन साक्षीदारांच्या सह्या लागतात. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार ही नोंद लग्नानंतर ९० दिवसांच्या आत करायची असते. त्यासाठी शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय किंवा विभाग कार्यालयात आणि गावात ग्रामपंचायतीत जावे लागते. लग्नाला हजर होतात म्हणून काही आठवड्यांनी तुम्हाला सहीसाठी बोलावणे येऊ शकते. मात्र जे लग्न तुम्ही पाहिले नाही, त्याला हजर होतो अशी सही मित्रासाठीसुद्धा करू नका.

अर्जावर सही करण्यापूर्वी आपले नाव आणि पत्ता ओळखपत्रावर आहे तसाच लिहिला आहे का, हे अक्षर अन् अक्षर वाचून पाहा. साक्षीदाराच्या नावातली चूक दुरुस्त करायला जोडप्यालाच पुन्हा कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि बऱ्याचदा सोबत तुम्हालाही रजा काढावी लागते.